थांबत थांबत शिकलेले इंग्रजी

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मला मध्येच थांबवायचे जे बटण आहे, ते झिजून पार गुळगुळीत झाले आहे. ते कसे झिजले, तेच आज सांगतो.

कारखान्यातून निघालो तो थेट एका इंग्रजी संभाषणवर्गात आलो. मास्तर जीव ओतून शिकवत. मी एक शब्द उच्चारला की ते खटकन बटण दाबत, सगळा वर्ग तो शब्द म्हणे, मग पुढचा शब्द. माझे कौतुक काय विचारता! "यंत्र कसलं, साक्षात साहेबच बसलाय टेबलावर!" असे सगळे म्हणत. पण बाहेर कोणी खरोखरचे इंग्रजी ऐकून आला, की त्याचे तोंड एवढेसे झालेले असे. बोलणारा माणूस शब्द सुटे करून देत नाही हो! दोन-तीन शब्दांवर जोर देतो आणि मधले गिळून टाकतो. वर्गातले ऐटबाज "व्हॉट आर यू डूइंग" रस्त्यावर "वॉच्या डूइन" होऊन पळत सुटते. बिचाऱ्यांना वाटे, आपल्यालाच अक्कल नाही.

पुढे वर्गात नवी यंत्रे आली आणि मी कपाटावर धूळ खात पडलो. तिथून मला शिवणकाम करणाऱ्या काकूंनी मागून नेले. त्या वर्गातल्या सर्वांत वयस्क विद्यार्थिनी. त्यांची लेक परदेशी, नात तिकडेच वाढलेली. तिला इंग्रजीशिवाय काही येत नव्हते आणि ती पहिल्यांदाच आजीकडे राहायला येणार होती.

नात आली. काकूंनी घोकलेली वाक्ये एकेक शब्द मोजून मापून म्हटली. पोर खूश झाली आणि तिने जी बडबड सुरू केली, ती थांबेचना! काकूंना एक अक्षर कळेना. त्या नुसत्या हसून "येस, येस" म्हणत राहिल्या. पोर काही खुळी नव्हती. तिने ते ओळखले आणि बोलणेच सोडले. दिवसभर खिडकीशी बसून राहू लागली. मला फार वाईट वाटे.

काकूंनी लेकीला फोन केला. "अगं, पोरगी हिरमुसलीय. काय बिनसलंय तू तरी विचार."

"विचारलं, आई. मला सांगत नाही. म्हणते, ते माझं आणि आजीचं आहे."

शेवटी काकूंनी माझ्यात कोरी कॅसेट घातली, लाल बटण दाबले आणि नातीला खूण केली, बोल. पोर माझ्याजवळ सरकली. मग भडाभडा बोलली आणि जिन्याकडे पळाली.

काकूंनी कॅसेट मागे फिरवून लावली आणि त्यांचे बोट सवयीने माझ्या थांबवायच्या बटणावर गेले. खट! हाती आलेल्या तुकड्याला ना शेंडा ना बुडखा. पुन्हा खट, पुन्हा तेच. कंटाळून त्यांनी मला तसेच चालू सोडले आणि फ्रॉकची झालर शिवायला घेतली. कॅसेट संपली की मागे फिरवत, पुन्हा लावत. न थांबता ऐकताना हळूहळू त्यांना आवाजाचा चढउतार उमगू लागला. शेवटच्या वाक्यात जोर दोनच ठिकाणी पडत होता, "लाइक" आणि "ग्रॅनी". बाकी सगळे घाईत निसटत होते आणि शेवट प्रश्नासारखा वर जात होता.

"डोन्च्यू लाइक मी, ग्रॅनी?"

काकूंचे मशीन जागीच थांबले. आजी, मी तुला आवडत नाही का?

झालर तशीच टाकून काकू जिन्यात धावल्या. नातीला पोटाशी धरून एका दमात म्हणाल्या, "आय लाइक्यू! व्हेरी व्हेरी लाइक्यू!" पोर रडता रडता हसली आणि तिच्या बडबडीची आगगाडी पुन्हा सुटली. काकूंनी तिच्या गालावर हात ठेवला. "स्लो, सोन्या, स्लो. बट डोन्ट स्टॉप."

मित्रांनो, माझा आतला रबरी पट्टा आता सैल झाला आहे, माझा आवाजही ओढल्यासारखा येतो. एवढेच मागणे आहे. तुमची भाषा शिकणारा कोणी समोर नुसताच हसत मान डोलवत असेल, तर कंटाळून गप्प होऊ नका. त्याला तुमचे बोलणे हवे असते.