दोन बटणांचं भांडं

सुभेदार हंबीरराव फौजेतून घरी आले त्याला बरीच वर्षं झाली, पण पहारा करायची सवय काही सुटली नाही. आटपाडीकडच्या त्यांच्या गावात उन्हाळ्यात टँकर येतो, टँकरचं पाणी अंगणातल्या पिंपांत भरलं जातं, आणि पिंपांशेजारच्या कट्ट्यावर सुभेदार बसतात. संडास अंगणाच्या पार पलीकडे, फाटकालगत. जाणाऱ्यानं पिंपातून बादली भरायची आणि कट्ट्यासमोरून न्यायची. "एवढी कशाला भरलीस?" असं सुभेदार पोराला विचारतात, बायकोला विचारतात. सुनेला मात्र विचारत नाहीत. सुनेशी असलं बोलणं त्यांच्या रीतीत बसत नाही. तिच्यासाठी ते नुसते खाकरतात.

त्या खाकरण्यानंच त्यांच्या सुनेचा, मंगलचा जीव अर्धा होतो. पदर सावरत, हिंदकळती बादली घेऊन सासऱ्यासमोरून जायचं. शिवाय कट्ट्यावर तंबाखू मळत बसलेले गावातले बाप्येही असतातच. म्हणजे दवंडी पिटूनच जायचं म्हणा ना. तिनं आपल्यापुरता उपाय काढला होता. पहाटे कट्टा रिकामा असताना एकदा, आणि संध्याकाळी सुभेदार देवळाकडे गेले की एकदा. मधल्या वेळात पाणीच प्यायचं नाही. रानातून उन्हाची आली की जीभ टाळ्याला चिकटलेली असायची, तरी भाकरीबरोबर घोटभर घ्यायची आणि तांब्या पालथा घालायची.

शरीर किती दिवस ऐकून घेणार? लघवीला जळजळ, ताप, ओटीपोटात कळा. नवरा तानाजी कराडला साखर कारखान्याच्या वर्कशॉपात नोकरीला. सुट्टीला आला तेव्हा तो तिला मिरजेच्या दवाखान्यात घेऊन गेला. डॉक्टरीणबाईंनी जुने रिपोर्ट चाळले आणि दोघांनाही झाडलं. "पुन्हा तेच? उद्या किडनीवर गेलं म्हणजे? भरपूर पाणी प्यायचं आणि लागली की लगेच जायचं. रोखून धरायचं नाही."

"व्हय," मंगल म्हणाली. मिरजेत ते ऐकायला किती सोपं होतं.

येताना एसटीत तानाजी म्हणाला, "संडास घरातच बसवू. मागल्या खोलीत. सांगलीच्या दुकानात दोन बटणांचं भांडं बघितलंय मी. लहान बटण दाबलं की थोडंच पानी पडतंय."

"आन् मामंजींना काय सांगणार?"

तानाजी खिडकीबाहेर बघायला लागला. बापासमोर बायकोच्या लघवीचा विषय काढायचा? त्यापेक्षा तो कारखान्याच्या भट्टीत उडी घेईल. "पानी वाचतंय म्हणून सांगतो की," तो शेवटी म्हणाला. "पान्याचं नाव काढलं की आबा ऐकत्यात."

इथंच त्या शहाण्याचं चुकलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी चहाच्या वेळी त्यानं कट्ट्यावर विषय काढला. सुभेदार बशीत चहा ओतत होते, त्यांची बायको रंगुबाई गुडघ्याला तेल चोळत पायरीवर बसली होती. मंगल दाराच्या आत उभी राहिली. तिला कुणी विचारणार नव्हतं, पण निकाल तिचाच लागायचा होता.

तानाजीनं सुरुवात झकास केली. बादली जाते तिथं चार तांब्यांत काम होईल. आईला उकिडवं बसता येत नाही, तिची सोय होईल.

"बसाय बरं हाय," रंगुबाई म्हणाली, "पर देव्हाऱ्याच्या भिंतीला लागून?"

"त्ये ऱ्हाऊ दे," सुभेदार म्हणाले. "वरची टाकी कोन भरनार? मोटरला लाईट कुठं असती? आपलं पानी जड. क्षार धरला की तुझी दोन्ही बटणं गेली. आन् संडासाचा खड्डा हाय पुढं. मागनं पुढवर पाइप आणायची, पानी सोडायचं थोडं. मधीच तुंबलं की ढकलाय बादल्याच वताव्या लागत्याल."

म्हातारा चुकीचं काहीच बोलत नव्हता, हीच तर पंचाईत होती.

"मागं दुसरा खड्डा मारू. ढाळ चांगला देऊ," तानाजी म्हणाला.

"आरं, पर कशापायी? मी रोज हितं बसतोय. ह्या घरात पानी उडवतोस त्यो तू. ह्या बायकांचं बघ. तुझ्या आईचं बघ, मंगलचं बघ. दिवसभर बादली हालत न्हाई त्यांची. त्यांच्यागत वागलं तर भांडं कशाला लागतंय? पोरगी गुणाची हाय."

लग्न होऊन आल्यापासून सासऱ्यानं केलेलं हे पहिलं कौतुक. कट्ट्यासमोरून जाणं टाळायला मंगलनं उन्हाळेच्या उन्हाळे तहान मारली, आणि तीच मारलेली तहान आता तिच्याविरुद्ध साक्ष द्यायला उभी राहिली होती. तिनं तानाजीकडं पाहिलं. आता तरी बोल, गड्या. तानाजी कपाच्या तळाशी काहीतरी शोधत होता.

ती उंबऱ्याबाहेर आली.

"मामंजी, मी पानीच पीत न्हाई. तुमच्यापुढनं जावं लागू ने म्हणून. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, असंच चाललं तर किडनी जाईल."

सुभेदारांचे कान लाल झाले. सुनेकडं न बघता, पिंपाकडं बघत ते म्हणाले, "मग पी की. प्यायला कोन न्हाई म्हनलंय?"

खरंच, कुणीच नाही म्हटलं नव्हतं. मंगलला रडू आलं, आणि त्याहून जास्त संताप आला. तिनं पिंपात तांब्या बुडवला आणि तिथंच उभ्यानं, नवऱ्यासमोर, सासऱ्यासमोर घटाघटा रिकामा केला. पुन्हा बुडवला.

"मला बी दे," रंगुबाई म्हणाली.

मंगलनं वळून पाहिलं. म्हातारीनं तांब्या घेतला, तोंडाला लावला तो तळ दिसेपर्यंत काढला नाही.

"तुझा नवरा जन्माला यायच्या आधीपासनं मी बी न्हाई पीत," ती सुनेला म्हणाली. मग नवऱ्याकडे वळली. "आवं, आमाला दोघींना जायाचं हाय. उठा कट्ट्यावरनं."

सुभेदार उठले नाहीत. मग दोघींनी बादली काठोकाठ भरली, दोन बाजूंनी धरली आणि रंगुबाईच्या गुडघ्यांच्या चालीनं, सांडत-सांडत त्यांच्या अगदी समोरून नेली. सुभेदारांना पाय वर घ्यावे लागले.