भोंग्याला धरलेला हात

मी बीएस्सी आहे, तेही फिजिक्स घेऊन, आणि हे मी कुणी विचारलं नसतानाही सांगतो. पांढुर्ण्याच्या एका जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, मोटारी, विजेची पॅनेलं आणि आग विझवायचे सिलिंडर माझ्या ताब्यात असतात. कापसाजवळ एक ठिणगीही महागात पडते, म्हणून हंगामाच्या सुरुवातीला कामगारांना सिलिंडर चालवून दाखवायचं कामही माझ्याकडेच होतं.

दिवाळीनंतर ते दाखवताना मी बजावलं, "पिन काढा, दांडा दाबा, पण नळीच्या टोकाच्या ह्या भोंग्याले हात लावू नका. गॅस निघाला का भोंगा इतका गार होते, का चामडी चिकटते."

कापूस निवडणाऱ्या बायांमधून पुष्पाबाईनं उठून विचारलं, "साहेब, सिलिंडर तं हाताले गार नाई लागत. मंग गॅस गार काऊन निघते?"

प्रश्न बिनचूक होता आणि मला उत्तर येत नव्हतं. कॉलेजात ते पान पाठ करून मी पूर्ण मार्क घेतले होते, समजलं मात्र कधीच नव्हतं. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. मी म्हणालो, "आत बर्फ भरून असते, बाई. तुमाले काय शास्त्रज्ञ व्हायचं हाय का?" साऱ्या बाया हसल्या. पुष्पाबाईही थोडं हसली आणि खाली बसली. आपण मोठे हजरजबाबी, असं मला त्या दिवशी वाटलं होतं.

जानेवारीत एका दुपारी मी जेवायला गेलो असताना पॅनेलनं पेट घेतला. शेजारीच रुईचा ढीग होता. बाकीचे बाहेर पळाले आणि पुष्पाबाई आत धावली. दाराबाहेरचा सिलिंडर तिनं उचलून आणला, पिन काढली आणि गॅस नेमका पॅनेलवर जावा म्हणून उजव्या हातानं भोंगा घट्ट धरला. आग विझली. तिचा हात भोंग्याला चिकटला होता. तो सोडवताना तळव्याची आणि दोन बोटांची कातडी निघाली. ती बोटं आता वाकायची नाहीत, असं डॉक्टर म्हणाले.

त्या संध्याकाळी सौंसरला घरी जाऊन मी माळ्यावरचं जुनं पुस्तक काढलं. समजून घ्यायला मला वीस मिनिटं लागली. फक्त वीस मिनिटं.

दुसऱ्या दिवशी मॅनेजर म्हणाला, "सूचना दिली होती ना तू, नितीन? मंग बाईचा निष्काळजीपणा लिहून टाक, तिची सही आण. म्हंजे तिले काढता येईन, अन् आपल्यावर काही येनार नाई." मी लिहून टाकलं. अक्षर माझं छान आहे.

जाम नदीचा पूल ओलांडून मी सावरगावात गेलो. पुष्पाबाईचं घर बुद्धविहाराच्या मागे. हाताला पट्टी बांधून ती ओट्यावर बसली होती. मी कागद वाचून दाखवला. 'पूर्ण माहिती देऊनही' हे शब्द मी जरा भराभर वाचले.

"बरोबर हाय," ती म्हणाली. "तुमी सांगतलं होतं. मीच डोकं चालवलं. तुमी म्हटलं आत बर्फ असते. सिलिंडर तं सकाळपासून उन्हात तापून राहिला होता. मी म्हटलं, बर्फाचं केव्हाचंच पानी झालं असन. आता कायचा गार?"

ती बेफिकीर नव्हती. मी सांगितलेल्या खोट्यावरून तिनं अगदी खरा हिशेब केला होता.

"पुष्पाबाई, आत बर्फ नसतेच," मी म्हणालो. "गॅस दाबून दाबून भरला असते, इतका का त्याचं पानी होते. मोकळं झालं का त्या पान्याचा पुन्हा गॅस होते, अन् तो एकदम फुगते. फुगाले, आजूबाजूची हवा ढकलाले जोर लागते. तो जोर त्याले बाहेरून कोनी देत नाई. मंग तो आपल्याच अंगातली गरमी खर्च करते, अन् गार पडते. सिलिंडर उन्हात असो का सावलीत."

तिनं थोडा विचार केला. "म्हंजे सायकलीत हवा भरताना पंप तापते, त्याच्या उलट."

"हो."

"एवढंच होतं? मंग त्या दिवशी काऊन नाई सांगतलं?"

"मले येत नव्हतं."

आयुष्यात हे वाक्य मी पहिल्यांदाच बोललो असेन. ती म्हणाली, "हे तुमी मॅनेजरले सांगतलं तं तुमाले काढतीन?"

"काढू शकतात."

"आना तो कागद. मी सही करतो. मले काय, कापूस निवडाले कुठीबी घेतात. तुमाले हे असं काम पुन्हा कोन देईन?"

दोन बोटं न वाकणाऱ्या बाईला कुठलीच जिनिंग घेणार नाही, हे तिला माहीत होतं आणि मलाही. तरी तिनं डाव्या हातात पेन धरलं. मी कागद ओढून घ्यायला हवा होता. मी तो तिच्यासमोर सरळ करून धरला. तिनं नावाची दोन अक्षरं सावकाश, वाकडीतिकडी काढली.

तो कागद मी मॅनेजरला दिला नाही. पुलावर गाडी थांबवून फाडला आणि त्याच दिवशी दुसरा लिहिला, त्यात माझी चूक, माझी सही. पुष्पाबाईला कामावर ठेवलं, वजनकाट्यावर बसून करायचं काम दिलं. माझं प्रशिक्षणाचं काम काढून घेतलं, नोकरी तेवढी राहिली. आता जिनिंगमधले लोक म्हणतात, नितीनभाऊनं मन मोठं केलं. तिची सही होत होती तेव्हा मला हायसं वाटलं होतं, हे त्यांना ठाऊक नाही. कागद धरलेला माझा हात जरासुद्धा हलला नव्हता.