कोण कोणाची

आमच्या ओहायोतल्या यंगस्टाउनात लग्नाच्या केकला कोणी विचारत नाही. माणसं येतात ती बिस्किटांच्या टेबलापाशी. दोन्हीकडच्या मावश्या, आत्या, शेजारणी कितीतरी दिवस भाजत बसतात आणि चर्चच्या हॉलमध्ये भिंतीएवढं लांब टेबल भरून टाकतात. जर्दाळूच्या जॅमच्या घड्या, अक्रोडाच्या गुंडाळ्या, कपडे वाळत घालायच्या लाकडी चिमट्यावर गुंडाळून भाजलेल्या आणि मग क्रीम भरलेल्या नळ्या. त्या टेबलामागे उभं राहायचं काम माझं. वाढायला नव्हे, घेतात आपापलं. ओळखी करून द्यायला.

डेमियनच्या लग्नातही मीच उभी राहिले. डेमियन माझा जावई. माझी अँड्रिया आजारात गेली तेव्हा त्यांची टेसा नुकती बोलायला लागली होती. आता ती पहिलीत जाते. डेमियन कॉरिनशी दुसरं लग्न करत होता. मुलगी चांगली, माझं काही म्हणणं नाही. पण तिचं माहेर ऑरेगनला, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला, आणि लग्नानंतर तिघंही तिकडेच राहायला जाणार होते. मला डेमियनकडे एवढंच मागायचं होतं, की दर उन्हाळ्याच्या सुट्टीत टेसाला माझ्याकडे ठेव. इतके दिवस धीर झाला नव्हता. त्या दिवशी मागणारच, असं ठरवून आले होते.

"इर्मा, तू आज तरी बस की गं गप," माझी शेजारीण डोलोरेस म्हणाली.

"मग इथं कोण राहील? तू? तू माणसं हाकलशील."

"हाकलीन. निदान क्रीमच्या नळ्या तरी उरतील."

ऑरेगनची मंडळी समोरच्या भिंतीला ओळीनं बसली होती, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखी. बिस्किटं जेवणानंतर खायची असं त्यांना वाटलेलं. आमची माणसं चर्चमधून आली की आधी तोंडात एक टाकतात, मग कोट काढतात. आमची इकडे हसत होती, ती तिकडे पाण्याचे घोट घेत होती.

माझी एक रीत आहे. नुसतं "जा, बोला" म्हटलं तर कोणी हलत नाही. हातात काहीतरी देऊन धाडावं लागतं. कॉरिनचा एक मावसभाऊ खांबासारखा उभा होता. त्याच्या हातात अक्रोडाची गुंडाळी ठेवली.

"ते लाल टायवाले दिसतात ना, ते नवऱ्या मुलाचे काका. त्यांना नेऊन दे आणि विचार, अक्रोड कुठला आहे."

"पण मला अक्रोडातलं काही कळत नाही."

"त्यांनाही नाही कळत. पण बोलतील."

काका बोलले. पोरगा हसायलाही लागला. आमच्यात नाव मागाहून सांगतात, आधी कोण कोणाचा ते. नातं कळलं की समोरच्याला आपल्याला कुठं बसवायचं ते समजतं. हा नवरीचा मावसभाऊ, ही नवऱ्याच्या धाकट्या आत्याची सून, असं जोडत जोडत मी भिंतीची ओळ मोडून टाकली.

शेवटी राहिली कॉरिनची आई, ग्वेन. ती आपणहून आली.

"तुम्ही इथं हॉलच्या कामाला का?" तिनं विचारलं.

मी सगळ्यांची नाती सांगत होते आणि माझं सांगायची वेळ आली तेव्हा मला शब्द सापडेना. नवऱ्या मुलाची कोण मी? ज्या लग्नानं नातं झालं ते लग्न राहिलं नव्हतं.

"मी बिस्किटांवर असते," मी म्हटलं.

"तुम्हाला छान जमतं हो हे. माझा भाऊ घरीसुद्धा इतका बोलत नाही." ती जरा जवळ सरकली. "एक काम कराल? डेमियनची छोटी आहे ना, ती आता आमच्याकडे येणार. तिच्यासाठी खोली रंगवली, पिवळी. पण ती माझ्याशी बोलतच नाही. काही विचारलं की बुटांकडे बघते. मला झोप लागत नाही बघा. सगळ्यांच्या करून देता, तशी माझी माझ्या नातीशी ओळख करून द्या ना."

माझ्या नातीशी, म्हणाली. वाईट मनानं नाही. आशेनं म्हणाली. मला राग यायला हवा होता. पण ती रंगवलेली खोली, ती न लागणारी झोप ऐकून तो आला नाही.

मी टेसाला हाक मारली.

"आजी!" करून ती धावत आली आणि माझ्या कमरेला बिलगली.

ग्वेनच्या तोंडावरचा रंगच गेला. "अरे देवा. तुम्ही अँड्रियाच्या... मला माफ करा."

"असू द्या," मी म्हटलं. मग टेसाकडे वाकले. "टेसा, ही कॉरिनची आई. ही तुझी आजी."

"मग तू?"

हॉलमध्ये वाद्यं सुरू झाली होती. मला वाटलं ऐकू आलं नाही असं दाखवावं.

"मी इथली. त्या तिथल्या."

टेसानं विचार केला. "तिथे तू येणार?"

"तिथे त्या आहेत ना. त्यांना आपल्यासारखं नाचता येत नाही. जा, शिकव."

ती लगेच गेली नाही. मला सोडायला तिला वेळ लागला. मी तिची बोटं एकेक करून सोडवली. ग्वेनला हात पुढे करायचा धीर होईना, म्हणून मीच तो घेतला आणि टेसाचा त्यात ठेवला. "गर्दीत सोडू नका. घाबरते."

दोघी गेल्या. थोड्या वेळानं पाहिलं तर टेसा तिला पायांकडे बोट दाखवून रागावत होती आणि ग्वेन हसत पुन्हा चुकत होती.

डेमियन घामाघूम होऊन आला. "आई, सकाळी तुम्ही म्हणालात काहीतरी बोलायचंय."

"हो," मी म्हटलं. "वीज कडाडली की टेसा पलंगाखाली जाऊन बसते. बाहेर ये, बाहेर ये म्हणून हाका मारायच्या नाहीत. शेजारी जाऊन बसायचं. सांगून ठेव त्यांना."