रिक्षातली बायडाबाई

दानेश्वरीला आवाजाचं काम हवं होतं आणि ते मिळवायला तिच्याकडे दिवाळीपर्यंतचा वेळ होता. ही मुदत तिच्या अप्पांनी घातलेली. बसाप्पा तसे भले गृहस्थ. कबनुरात घरालाच लागून चार यंत्रमाग, आणि त्या खडखडाटात उभा जन्म गेलेला. "आवाजाचं काम म्हंजे नेमकं काय असतंय?" हे त्यांनी लेकीला तीनदा विचारलं. तिनं तीनदा समजावलं, आणि तिसऱ्यांदाही त्यांना ते पटलं नाही.

"दिवाळीपतोर जा कोल्हापूरला," शेवटी ते म्हणाले. "एक तरी काम कर आनि मला ऐकव. न्हायतर गप कांड्या भराय बस, आनि स्थळं बगू."

मागाच्या कांड्यांवर दिवसभर सूत भरत बसायचं, ह्या विचारानंच दानेश्वरीच्या अंगावर काटा यायचा. ती लहानपणापासून रेडिओला कान लावून वाढली होती. बातम्या ऐकून ऐकून ती तशीच बोलायला शिकली. शांतव्वा, म्हणजे तिची आई, म्हणायची, "आमची पोरगी भाजीवाल्यासंगट बोलली तरी वाटतंय, आता हवामान सांगनार."

हे साल सत्त्याण्णव. कोल्हापुरात तेव्हा कुठल्याही गल्लीत दुपारी भोंगा लावलेली रिक्षा यायची आणि साड्यांचा सेल, सर्कस, डोळ्यांचं शिबिर असं काहीबाही ओरडून जायची. त्या कॅसेटी लक्ष्मीपुरीत, बियाण्यांच्या एका दुकानाच्या माडीवर तयार होत. तिथं पृथ्वीराज नावाच्या गृहस्थांचा स्टुडिओ होता. स्टुडिओ म्हणजे भिंतींना गोणपाट मारलेली एक कोंदट खोली, मध्ये मोठी काच, काचेच्या अलीकडे यंत्रं आणि पलीकडे माइक. रेकॉर्डिंग सुरू झालं की पंखा बंद. जाहिरातीत बाईचा आवाज देणाऱ्या बाई लग्न होऊन सांगलीला गेल्या होत्या, त्यामुळे जागा रिकामी होती. दानेश्वरी श्रावणापासून एसटीनं ये-जा करत होती, आणि आठ वेळा पृथ्वीराजदादांनी तिला परत पाठवलं होतं.

"आवाज सोन्यासारखा हाय," ते दरवेळी म्हणायचे. "पन कोन बोलतंय त्ये दिसंना."

दानेश्वरीला ह्याचा राग यायचा. आवाज तो, तो ऐकायचा की बघायचा? पण राग गिळावा लागे. कारण पुण्यात परदेशी कार्टूनवर मराठी आवाज चढवणारे एक जण दादांच्या ओळखीचे होते, आणि दादांनी शब्द दिला होता की कॅसेट त्यांच्याकडे पाठवीन. मात्र ती चाचणीची नको, खऱ्या कामाची हवी, लोकांनी गल्लीत उभं राहून ऐकलेली.

गणपती उठले आणि ग्रामपंचायतीच्या निवडणुका लागल्या. एका सकाळी मलकापूर रस्त्याच्या बाजूच्या एका गावातून बाळासो नावाचे पुढारी माडीवर आले. गावाचं नाव कशाला सांगा, उगाच कुणाची शोभा नको. बाळासोंच्या गावचं सरपंचपद ह्या खेपेला बाईसाठी राखीव निघालं होतं. म्हणून त्यांनी बायकोला, बायडाबाईंना, वॉर्डातून उभं केलं होतं. हँडबिलासाठी फोटो काढायला त्यांना कोल्हापुरात आणलं होतं, म्हणून त्याही बरोबर होत्या. नवं कोरं लुगडं, कपाळावर ठसठशीत कुंकू, आणि मूग गिळल्यासारख्या गप्प.

"हिच्या नावानं भाषन पायजे," बाळासोंनी कागद पुढं केला. "मी बायडाबाई बोलतीया, असं. आवाज शिकलेल्या बाईचा पायजे. गोड."

"त्या सोता का बोलंनात?" दादांनी विचारलं.

"ही? ही काय बोलतीया!" बाळासो हसले. त्यात दुष्टपणा नव्हता हो, त्यांना खरंच तसं वाटत होतं.

दादांनी दानेश्वरीकडे पाहिलं. दुसरं कोणी नव्हतंच. "जा आत," ते म्हणाले. "नववी खेप."

ती माइकपुढं उभी राहिली. कागदावर लिहिलं होतं, 'माझ्या मायभगिनींनो, आमच्या पॅनेलने घरोघरी नळ दिले. आता मी गावाचे नंदनवन करीन.' तिनं ते वाचलं, आणि अगदी गोड वाचलं. काचेपलीकडे दादांनी कानांवर हेडफोन चढवले होते; त्यांनी मान नकारार्थी हलवली. बाजूच्या लहान स्पीकरवर बाळासो ऐकत होते आणि खुशीत होते. त्यांच्या मागं स्टुलावर बायडाबाई बसल्या होत्या, आणि त्यांचे ओठ हलत होते.

मागावर वाढलेल्या माणसांना एक गोष्ट न शिकवता येते. चार माग सुरू असताना शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिथली सगळी माणसं एकमेकांचे ओठ वाचतात. दानेश्वरीला त्यात विशेष काही वाटायचंही नाही. दुसऱ्या खेपेला 'घरोघरी नळ दिले' म्हणताना तिची नजर सहज काचेपलीकडे गेली, आणि बायडाबाई काय पुटपुटताहेत ते तिला लख्ख कळलं.

नळ दिलं. पानी कुटं दिलं?

दानेश्वरी वाक्यातच अडखळली. "काय झालं?" दादांचा आवाज कानात आला. "काही नाही," ती म्हणाली, आणि पुन्हा सुरुवात केली. ह्या खेपेला तिनं कागदाकडे पाहिलंच नाही. बायडाबाईंनी मान वर केली होती. बाकी कुणाचं लक्ष नव्हतं. त्या सरळ तिच्याकडे बघत होत्या आणि ओठांतल्या ओठांत म्हणत होत्या, माज्या नावावर खोटं नगं बोलूस, बाळ.

आता सांगायला सोपं आहे, पण त्या क्षणी दानेश्वरी पुरती कोंडीत सापडली. आठ वेळा हात हलवत परत गेलेली पोरगी, दारात आलेलं पहिलं काम, आणि ज्या बाईचा आवाज आपण काढतोय ती बाईच समोर बसून नको म्हणतेय. डोळे झाकून कागद वाचला असता तर संध्याकाळी कॅसेट तयार होती. तिचे डोळे काही झाकले जाईनात.

तेवढ्यात बाळासो कंटाळले आणि तंबाखू मळत जिन्यावर जाऊन उभे राहिले. दानेश्वरी माइकमध्ये हळूच म्हणाली, "काकू, मला तुमचं बोलणं कळतंय. तुम्ही ओठ हलवा. मी बोलते." दादांनी चमकून मागं पाहिलं. मग त्यांचा हात यंत्राकडे गेला, पण टेप थांबवायला नव्हे.

बायडाबाईंनी एकदा जिन्याकडे पाहिलं आणि त्यांचे ओठ हलू लागले. दानेश्वरी त्यांच्या पाठोपाठ बोलू लागली.

"मी बायडाबाई, खालच्या गल्लीतली. नळ दिलं, पानी न्हाय. दोन वर्सं तोट्या कोरड्या हायत. मी उद्या पानी आनीन असं म्हननार न्हाय, ते माज्या हातात न्हाय. पन पान्याच्या मीटिंगला मी सोता जाऊन बसीन, आनि पानी का न्हाय हे इचारल्याबिगर उठनार न्हाय. ह्यास्नी न्हाय धाडनार. मी जाईन."

शेवटच्या वाक्याला बाळासो दारात उभे होते. तळहातावरची तंबाखू तशीच राहिली.

"ह्ये कुनी लिवलं?"

दानेश्वरीच्या मनात आलं, खरं सांगावं तर ही बाई घरी जाऊन काय ऐकेल? आणि खोटं सांगावं तर काम गेलं, पुणं गेलं, कांड्या आल्या. "मी," दानेश्वरी म्हणाली. "माझ्या मनानं बोलले." आणि तिनं हेडफोन काढून खुंटीला अडकवले. डोळ्यांत पाणी आलंच.

"तिनं न्हाय. मी सांगिटलं."

हा आवाज त्या खोलीत पहिल्यांदाच आला. जाड, किंचित घोगरा, आणि प्रत्येक शब्द खाली ठेवून मग पुढचा उचलणारा.

"तू?" बाळासो म्हणाले. "तू कवा बोललीस? मी हितंच हुतो की!"

"हुतासा की. तुमास्नी शेजारी बसून ऐकाय आलं न्हाय, पोरीला काचंतनं आलं."

बाळासो खाली बसले. चिडले होते, पण मुरलेले पुढारी होते. खालच्या गल्लीत पाण्यावरून आपल्या नावानं काय बोटं मोडली जातात हे त्यांना ठाऊक होतं. "वाजवा परत," ते दादांना म्हणाले. ऐकलं. पुन्हा ऐकलं. "बरं हाय. त्ये 'ह्यास्नी न्हाय धाडनार' तेवढं काडा."

"ऱ्हाऊ दे," बायडाबाई म्हणाल्या.

"ऱ्हाऊ दे तर ऱ्हाऊ दे. आमचं हितं कोन ऐकतंय!"

मग दादांनी बायडाबाईंनाच माइकपुढं उभं केलं. दानेश्वरीनं त्यांना श्वास कुठं घ्यायचा ते दाखवलं, आणि मनातल्या मनात आपल्या पहिल्या कामाला निरोप दिला. पण रेकॉर्डिंगचा दिवा लागला आणि बायडाबाईंच्या घशातून शब्द फुटेना. घाम मात्र फुटला. "मला न्हाय जमायचं," त्या बाहेर येत म्हणाल्या. "हीच बोलंल. पन मी म्हनीन तेच."

दानेश्वरीनं त्यांना ती वाक्यं चारदा म्हणायला लावली. शब्द तिला पाठ झाले होतेच. बायडाबाई कुठं थांबतात, कुठं दम खातात, 'मी'वर कसा जोर देतात, एवढंच ती ऐकत राहिली. मग आत गेली आणि एका दमात बोलली. बातम्या देणारी दानेश्वरी त्यात कुठंच नव्हती. टेप थांबवून दादांनी कानांवरचे हेडफोन काढले.

"दिसली," ते म्हणाले.

जाताना बाळासोंनी एकच अट घातली. आवाज दुसरीचा आहे हे गावात फुटता कामा नये, नाहीतर बायडाबाईंचं हसं होईल. बायडाबाईंनीही तिचा हात हातात घेऊन तेच सांगितलं. दानेश्वरीनं शब्द दिला आणि एसटीत बसल्यावर तिच्या लक्षात आलं की आता अप्पांना काय सांगायचं? काम केलं, पण ते माझं आहे असं म्हणायचं नाही! सांगायचं नाही, पण ऐकवायला काय हरकत आहे, असा विचार करत तिनं रात्र काढली. पुढच्या रविवारी ती अप्पांना म्हणाली, "चला माझ्याबरोबर. काम ऐकवते. पण गावात मला काही विचारू नका."

दोन एसट्या बदलून बाप-लेक त्या गावात उतरली. खालच्या गल्लीत, पारावर टेकतात न टेकतात तोच रिक्षा आली. भोंगा खरखरला आणि बायडाबाई बोलू लागल्या. घागरी खाली ठेवून बायका थांबल्या.

"आगं, बायडाबाई बोलाय लागली की!" झुंबरबाई नावाची एक म्हातारी म्हणाली. "भोंग्यातनं आवाज वाईच बारीक येतोय. पन बोलनं तिचंच."

"ह्यास्नी न्हाय धाडनार म्हंती बग!" दुसरीनं पदर तोंडाला लावला. "नवऱ्यानं कसं ऱ्हाऊ दिलं?"

"मीटिंगला बसती म्हंती. बसूनच दाखवंल ती. मी वळखते तिला."

दानेश्वरीचा ऊर भरून आला. आयुष्यात एवढी दाद तिला मिळाली नव्हती, आणि तिच्या नावावर त्यातलं काही नव्हतं. रिक्षा वळणाआड गेली. बसाप्पा अजून रस्त्याकडेच बघत होते.

"बाई खरी बोलली," ते म्हणाले. "आता तुजं कवा येतंय?"

पोटच्या बापाला आपला आवाज ओळखू आला नाही. ह्यात सुख मानावं की दुःख, हे ठरवायला तिला वेळच मिळाला नाही, कारण झुंबरबाई जवळ आल्या होत्या. "पावणं, कुनाकडं आलाय?" त्यांनी बसाप्पांना विचारलं, आणि मग तिच्याकडे वळल्या. "लेक व्हय? नाव काय गं बाळ तुजं?"

आत्ताच ऐकलेला आवाज त्यांच्या कानांत ताजा होता. दानेश्वरीनं ओठ घट्ट मिटले आणि नुसती मान हलवली.

"बोल की. लाजतीस कशाला?"

तिनं पुन्हा मान हलवली. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. "मुकी हाय व्हय वो पोरगी?" झुंबरबाईंनी आवाज खाली आणून विचारलं.

बसाप्पांनी लेकीकडे पाहिलं. जन्मल्यापासून घटकाभर तोंड न मिटलेली ही पोरगी. मग त्यांनी रिक्षा गेली त्या वळणाकडे पाहिलं, आणि पुन्हा लेकीकडे. त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. लग्नाच्या वयाची पोर, परका गाव, ऐकणाऱ्या सहा बायका, आणि त्यातली एखादी कबनूरच्या सोयऱ्यांतली निघायलाही वेळ लागत नाही. एकदा मुकी म्हटलं की स्थळं आटली, हे सगळं त्यांना कळत होतं.

"व्हय," बसाप्पा म्हणाले. "जल्मापास्नं मुकी हाय."

दानेश्वरीला हसूही आलं आणि रडूही आलं. पण दोन्हींना आवाज असतो, म्हणून तिनं दोन्ही गिळलं आणि अप्पांचा हात धरला.