खुंटीला पॉलिश

माझे सासरे पितळी कड्या-मुठींना पॉलिश करतात. दुकानातून बाहेर पडणाऱ्या मुठीत स्वतःचं नाक दिसलं नाही, तर त्यांना जेवण जात नाही.

नणंदेनं दातांचा दवाखाना थाटला, पण नवा दात रोवून घ्यायला कोणी खुर्चीत बसेना. नवखी पोरगी जबड्याच्या हाडात धातूची खुंटी बसवणार म्हटल्यावर लोक कवळीवर भागवत. शेवटी बाबाच, म्हणजे माझे सासरेच, म्हणाले, "माझ्या दातांत खिंडार पडलंच आहे. कर सुरुवात."

तिनं खुंटी बसवली. हिरडीतून वर डोकावणाऱ्या टोकावर खास थर होता, राखाडी, किंचित खरबरीत. हिरडीला घट्ट धरायला तो बरा, असं तिनं समजावलंही. बाबांनी मान डोलावली. बाबा मान डोलावतात तेव्हा ऐकत नसतात, हे या घरात मला एकटीलाच ठाऊक आहे.

हिरडी काही धरेना. लाल, सुजलेली, हात लावला की रक्त. एकदा नणंद स्वयंपाकघरात रडलीच. "वहिनी, माझ्या हातातच नाही गं हे. खुंटी काढते आणि यापुढे नुसते दात साफ करते."

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघते तर बाथरूमच्या आरशासमोर बाबा आ वासून उभे. बोटाला फडकं, फडक्याला दुकानातलं पॉलिश, आणि खुंटीवर घासाघीस जोरात चालू! मी किंचाळले. नणंद धावत आली.

"बाबा, हे काय?"

"अगं, फिनिशिंग राहिलं होतं. तुझं पहिलंच काम. मी चारचौघांत हसलो आणि कोणी नावं ठेवली तर? तुला सांगून कशाला मन दुखवायचं?"

"तो थर हिरडीसाठी होता!"

"मग आधी सांगायचं नाही का?"

मला हसू आवरेना. नणंदेला रडावं की ओरडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं. मग घासलेलं टोक काढून नवं बसवलं आणि दम भरला, "आता हात लावलात तर उरलेले दातही उपटीन."

काही आठवड्यांनी बाबा पुन्हा दवाखान्यात खुर्चीत आडवे, सोबतीला मी. तिनं खुंटीभोवती हलकेच बारीक सळई फिरवली. रक्त नाही. हिरडी गुलाबी, घट्ट बिलगलेली.

"धरलंय, बाबा."

बाबांच्या तोंडात कापूस. बोलता येईना. डोळ्यांतलं पाणी थेट कानांत चाललेलं.

"दुखतंय?" ती घाबरली.

त्यांनी नकारार्थी मान हलवली आणि दोन्ही हातांनी तिचं मास्क लावलेलं तोंड धरलं.

"हात खाली घ्या बाबा, मला काही दिसत नाहीये," ती म्हणाली. तिच्या हातांत मोजे होते, म्हणून दोघांचेही डोळे मीच पुसले.