आईचं मशीन मी विकलं

धाकट्याच्या हातून लहानपणापासून काहीही वाईट घडलं नव्हतं, आणि त्याने निवडलेल्या धंद्यात ही फार मोठी अडचण होती.

तो रॅप करायचा. देवाचं रॅप. उलटी टोपी, ढगळ पँट, हातवारे, सगळं रीतसर. फक्त शिव्यांच्या जागी स्तुती. त्यांच्या चर्चच्या छोट्या मंडळीतल्या म्हाताऱ्या आधी दचकल्या, मग ‘आपलाच पोरगा आहे’ म्हणून टाळ्या वाजवू लागल्या. चुकीच्या ठिकाणी वाजवायच्या, पण मनापासून. रविवारच्या शाळेत कधी गैरहजर नसलेला हा मुलगा. हजेरीचे बिल्ले शर्टावर मावेनात म्हणून आईने ते पडद्याला लावले होते. त्याचं पहिलं गाणं आज्ञाधारकपणावर होतं. ‘आई म्हणाली ऊठ, मी उठलो’ अशी त्याची सुरुवात होती आणि पुढेही त्यात फारसं काही घडत नव्हतं.

भिंतींना गाद्या ठोकलेल्या एका खोलीत बीटवाला बसायचा. गाण्याखालचा ताल तोच बनवायचा. त्याने ते गाणं डोळे मिटून ऐकलं आणि बराच वेळ डोळे उघडलेच नाहीत.

“झोपलास का?” धाकट्याने विचारलं.

“नाही रे. शोधतोय. यात पाप कुठंय?”

“कुणाचं?”

“तुझं! लोकांना आधी खड्डा दिसायला हवा, मग वरून आलेला हात. तुझ्या गाण्यात नुसता हातच आहे, लेका. खड्डा नसला की तो हात लिफ्ट मागतोय असं वाटतं.”

धाकट्याने प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. शाळेत असताना त्याने एका मुलाची पेन्सिल परत केली नव्हती. पण पेन्सिलीवर तीन मिनिटं निघेनात.

घरात पाप नव्हतं असं नाही. ते सगळं दादाने उचललं होतं. दादा म्हणजे सख्खा मोठा भाऊ. दारू, मग गोळ्या, मग गोळ्यांसाठी चोऱ्या. वडील गेल्यावर आई लोकांचे कपडे शिवून घर चालवत होती. एके दिवशी ती बाजारातून परतली तर खिडकीखाली मशीनच्या जागी चार पायांचे चार चौकोनी ठसे. दादाने मशीन विकलं होतं. त्यानंतर त्याने मंडळीची दानपेटी फोडली. हे मंडळीत पाळकांना, म्हणजे धर्मगुरूंना, सोडून कुणाला कळलं नाही. त्यांनी स्वतः नवीन कुलूप आणलं आणि विषय मिटवला. शेवटी दुसऱ्या गावात एका दुकानाचं शटर उचकटताना तो पकडला गेला आणि आत गेला. ‘मोठा कुठं असतो?’ या प्रश्नावर आई ‘बाहेरगावी’ म्हणायची. ते खोटं नव्हतं.

धाकट्याने ते सगळं लिहून काढलं. आधी त्याने ‘तो’ लिहिलं होतं. नंतर ‘मी’ केलं. ‘त्याने विकलं’ही तालात ‘मी विकलं’इतकंच बसत होतं, त्यामुळे दोष तालाला देता येत नाही. ‘आईचं मशीन मी विकलं’ ही ओळ ऐकून बीटवाल्याने या वेळी डोळे उघडे ठेवले आणि ते भरून आले.

“हे लपवून ठेवलं होतंस होय, साल्या!” म्हणत त्याने मिठी मारली. हीच वेळ होती ‘अरे, हे माझं नाही’ म्हणायची. पण मिठीत तोंड दाबलं गेलं होतं, आणि मिठी सुटेपर्यंत उशीर झाला.

गाणं तुफान चाललं. मंडळीलाही ते पटलं: एवढे बिल्ले लावून पोरगा आतून असा होता, आणि आपल्याला पत्ताच नाही! धाकट्याने रंगमंचासाठी नाव घेतलं ‘वाया’. वाया गेलेला होता, आता सापडला. पोस्टरवर ते नाव पाहून आई म्हणाली, “एवढं छान नाव ठेवलं होतं आम्ही.” मग तिने गाणं ऐकलं. शांतपणे, पूर्ण.

“मशीन तू कधी विकलंस रे?”

“आई, कलेत तसं चालतं.”

“बरं. मग कलेतून परत आण.”

त्याने दुसऱ्याच दिवशी नवं, विजेवर चालणारं मशीन आणून ठेवलं. आईने त्यावर फुलदाणी ठेवली.

पुढे शिबिरं आली, मोठे मंच आले, तुरुंगांतले कार्यक्रमही आले. तिथे एका कैद्याने आपुलकीने विचारलं, “भाऊ, तुम्ही कुठल्या बराकीत होता?” धाकटा म्हणाला, “लांबच्या.” कैद्याने समजूतदारपणे मान डोलावली. त्या मान डोलावण्याने धाकट्याचं जेवण गेलं. कार्यक्रमानंतर रांग लागायची, त्यात आया असायच्या. त्या त्याचा हात धरून म्हणायच्या, “माझाही असाच आहे बघ. तू सुधारलास, तोही सुधारेल ना?” धाकटा “हो” म्हणायचा आणि नंतर तोच हात साबणाने धूत बसायचा. ‘मी’चं परत ‘तो’ करायचं त्याने कितीदा ठरवलं. पण आता ती ओळ त्याच्याआधी लोकच म्हणायचे, आणि हजार माणसांना दुरुस्त करायचं म्हणजे घसा लागतो.

मग दादा सुटून आला. आत असतानाच त्याने सगळं सोडलं होतं. एका मोठ्या लाँड्रीत तो कामाला लागला. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी धुवायच्या. तिथे दिवसभर रेडिओ चालू असे आणि रेडिओवर काय चालू असे ते सांगायला नको. आई एकदा तावातावाने म्हणाली, “मी सांगते मंडळीत खरं काय ते.” दादा म्हणाला, “नको गं. त्याचं पोट आहे त्या गाण्यावर. आणि माझी काय बदनामी व्हायची राहिलीय? त्याने ती आयती स्वतःकडे घेतली.”

धाकट्याला तो काहीच बोलला नाही. एक मुस्कटात मारली असती तर परवडली असती. धाकटा आपला त्याला बूट आणून द्यायचा. प्रत्येक दौऱ्याहून एक जोड. दादा म्हणायचा, “अरे, पाय दोनच आहेत.”

आणि मग दादाने बाप्तिस्मा घ्यायचं ठरवलं.

त्यांच्या मंडळीचा एक नियम होता. पाण्यात उतरण्याआधी सगळ्यांसमोर उभं राहून साक्ष द्यायची: मी काय होतो, देवाने मला कसं उचललं. स्वतःच्या तोंडाने, स्वतःची. त्याशिवाय पाणी नाही. दादाला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. लाँड्रीत तो मशीनच्या आवाजात सराव करायचा.

त्या रविवारी धाकटा पहिल्या ओळीत होता. दादा पुढे आला, इस्त्रीच्या शर्टात. कागद नव्हता.

“मी... मी फार लहानपणी प्यायला लागलो. नंतर गोळ्या. घरात पैसे नव्हते. एक दिवस आई बाजारात गेली होती, तेव्हा मी...”

“आईचं मशीन मी विकलं!” मागच्या बाकावरच्या तरुण मंडळींनी एका सुरात पूर्ण केलं.

हसू उसळलं. वाईट नव्हतं ते हसू, घरगुती होतं. दादाने घाम पुसला आणि दानपेटीचं सांगायला घेतलं. तर एक मुलगी मांडीवर ताल धरून पुढचं कडवंच म्हणू लागली. पहिल्या ओळीतल्या एका वडीलधाऱ्या काकांनी पाळकांना कुजबुजून, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, “धाकट्याचं उचललंय सगळं.” नंतर सगळे धाकट्याकडे बघू लागले. त्याला राग आला की काय, ते पाहायला.

धाकट्याने स्मित केलं. ‘असू द्या, चालतं’ अशा अर्थाचं, मोठ्या मनाचं. मंचावर वापरून वापरून ते त्याच्या चेहऱ्यावर आपोआप यायचं. आलं, आणि त्याला स्वतःच्याच चेहऱ्याची किळस आली.

दानपेटीचं खरं कुणी केलं ते पाळकांना ठाऊक होतं. पण इतकी वर्षं गाणं चालू दिलेलं. आता मध्येच कुठून बोलणार? त्यांनी सुवर्णमध्य काढला. “बंधू, पुढच्या रविवारी बघू. थोडं... वेगळं काही आठवून या.”

घरी दादा ताटं विसळत होता. धाकटा दारात उभा राहिला.

“दादा.”

“अरे, गंमत सांगू? मध्येच मलाच वाटलं, मी तुझं म्हणतोय.” दादा हसला. “तुझं यमक चांगलंय. माझ्या वेळी नव्हतं ते.”

“मी पुढच्या रविवारी सगळ्यांसमोर सांगतो.”

“कशाला? तुझं नुकसान होईल.”

“तुझं झालं त्याचं काय?”

दादाने एक ताट त्याच्या हातात दिलं. “पूस.”

पुढच्या रविवारी धाकटा पुढे गेला. टोपी काढून.

“मला साक्ष नाही,” तो म्हणाला. “मी कधी प्यायलो नाही. मी मशीन विकलं नाही, पेटी फोडली नाही, तुरुंगात फक्त गायला गेलो. ते सगळं दादाचं आहे. मी चोरलं. मी खोटा आहे.”

मग वडीलधारे काका उठून उभे राहिले. गालांवरून पाणी वाहत होतं.

“पाहिलंत? भावाला पाण्यात उतरता यावं म्हणून स्वतःची साक्ष देऊन टाकली यानं! केवढा हा त्याग!”

“आमेन!” मंडळी गरजली. टाळ्या थांबेनात. धाकटा जसजसा “नाही हो, खरंच,” असं ओरडत राहिला, तसतसा त्याचा नम्रपणा वाढत गेला. आई उठून म्हणाली, “अहो, तो खरं बोलतोय!” तर शेजारणीने तिला कवटाळलं, “असे मुलगे आहेत तुमचे, भाग्यवान आहात.” मागे दोघंतिघं फोनवर हे सगळं टिपत होते.

दादा त्याच्याजवळ आला, खांद्यावर हात ठेवून हळूच म्हणाला, “बस खाली. आता हेही तुझंच झालं.”

आणि तो मंडळीकडे वळला.

“गाण्यात आहे ते मी सांगत नाही. ते तुम्हाला पाठ आहे. त्यानंतरचं सांगतो, पण त्यात काही घडत नाही. मी सकाळी कामाला जातो. इस्पितळातल्या चादरी येतात. रक्ताचे डाग असतात, औषधांचे असतात. धुतो, बघतो, परत टाकतो. डाग गेला असं आम्ही कधी म्हणत नाही, पुढच्या खेपेला बघू म्हणतो. घरी जाताना वाटेत दारूचं दुकान लागतं. मी रस्ता ओलांडून पलीकडून जातो. काल गेलो. उद्याचं माहीत नाही. रेडिओवर माझ्या भावाचं गाणं लागतं. आधी मी बंद करायचो. आता करत नाही. इतकंच.”

कुणी ‘आमेन’ म्हणालं नाही. कुणीतरी खोकलं. काकांनी घड्याळ पाहिलं. मागची तरुण मंडळी एकमेकांकडे बघत होती. यात म्हणण्यासारखं त्यांना काही सापडेना. पाळक मात्र उठले. “ही यांची स्वतःची आहे,” ते म्हणाले आणि बाह्या दुमडून बाप्तिस्म्याच्या कुंडाकडे निघाले.

टॉवेल धरायचं काम धाकट्याकडे आलं. तो कुंडाच्या कडेला उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं आणि मनात इतक्या वर्षांत पहिल्यांदा थोडी मोकळी जागा झाली होती. दादा पाण्याखाली गेला. त्या मोकळ्या जागेत एक ओळ येऊन बसली. ‘डाग गेला म्हणत नाही, पुढच्या खेपेला बघू.’ काय ओळ होती!

दादा वर आला. केसांतून पाणी निथळत होतं. त्याने हात पुढे केला, आणि तसाच थांबून टॉवेलकडे पाहत राहिला. टॉवेलवर धाकट्याची बोटं ठेका धरत होती.

“देतोस का टॉवेल,” दादा म्हणाला, “की कडवं पूर्ण होऊ दे?”

धाकट्याने दचकून टॉवेल दिला आणि दोन्ही हात खिशात घातले. खिशात बोटं चालूच होती.