सोयरीक आली पंचायतीत

धरणगावपासून थोडं आत आमचं गाव. तिथं ग्रामपंचायतीचं नवं कार्यालय झालं, तेव्हा परगावची माणसंही मोटारसायकल थांबवून बघू लागली. पांढरंशुभ्र, पुढे बाग, काचेचं दार. सरपंच कोकिळाताईंनी ते जिल्ह्याच्या सुंदर कार्यालय स्पर्धेत उतरवलं. तपासणी समिती यायच्या दिवशी दाराला तोरण बांधलं, रांगोळी काढली. नावाची पाटी मात्र रंगवायला खाली काढलेली, ती मागच्या बाजूला वाळत होती.

सकाळी पांढरी गाडी येऊन थांबली. ग्रामसेवक योगेंद्र पळतच पुढे गेला. गाडीतून फैजपूरचे तोताराम मामा आणि त्यांची बहीण भागाअक्का उतरले. भाची दिपमालासाठी ते गावातल्या पुनाभाऊंच्या मुलाचं, प्रेमराजचं स्थळ बघायला आले होते. घर नवं, पांढरं, पुढे बाग, एवढंच मध्यस्थानं सांगितलं होतं.

"या, तुमचीच वाट बघत होतो," कोकिळाताई म्हणाल्या.

"खोल्या किती?" मामांनी आत शिरताच विचारलं.

"सभागृह धरून सहा," योगेंद्र म्हणाला. "बायकांचं स्वच्छतागृह वेगळं. अपंगांसाठी उताराचा रस्ता केलाय."

अक्का थबकल्या. "तुमच्यात अपंग कोणी आहे का?"

"अकरा जण. सगळ्यांना दाखले मिळालेत."

अक्का खुर्चीत बसल्या. मामांनी अंदाज बांधला. "एकत्र कुटुंब दिसतंय."

"अगदी एका कुटुंबासारखं," कोकिळाताई अभिमानाने म्हणाल्या. "आमचं भांडण कधी पोलिसात गेलं नाही."

"बरं, मुलगा कुठाय?"

मामांचा ‘मुलगा’ म्हणजे शिपाई, साहेबांना चहा हवा असेल, असं वाटून योगेंद्रनं त्याला हाक मारली. पांढऱ्या मिशांचा झुलाल ट्रे घेऊन आला.

"फार कामाचा," योगेंद्र म्हणाला. "झाडण्यापासून सगळं हाच बघतो."

"वय जरा जास्त वाटतं," अक्का कशाबशा म्हणाल्या. "लग्नाचं एवढं लांबवलं का?"

"मना लगीनले तीस वरीस व्हयनात, अक्का," झुलाल म्हणाला. "नातूबी शे."

मामा ताडकन उठले. मग कोण कुठून आणि कशासाठी आलंय, याचा उलगडा झाला. योगेंद्र दाराकडे धावला. समिती गेली कुठे?

समिती पुनाभाऊंच्या ओट्यावर वरण-बट्टी खात होती. पाहुण्यांसाठी रस्त्यावर उभ्या असलेल्या पुनाभाऊंनी दुसरी पांढरी गाडी अडवून थेट घरी आणली होती. समितीच्या सुलक्षणा मॅडम "आधी इमारत बघू" म्हणाल्या, तर ते म्हणाले, "आधी जेवण, मग बघणं." मॅडमनी नाइलाजाने तिथंच तपासणी सुरू केली.

"पाण्याची काय सोय आहे?" त्यांनी समोर बसवलेल्या प्रेमराजला विचारलं.

"मी पाण्याशिवाय काही पीत नाही," तो लाजून म्हणाला.

एवढ्यात पाहुण्यांना खरं घर दाखवायला कार्यालयातले सगळे येऊन थडकले. पुनाभाऊंना कुठं बघावं कळेना. मॅडमना मात्र हसू आवरेना. त्यांनी आणखी एक बट्टी मागून घेतली.

अक्कांनी तीन खोल्यांचं घर फिरून पाहिलं. मामांना वाटलं, आता ही नाक मुरडणार.

"बरंय," त्या म्हणाल्या. "तिकडे सहा खोल्या बघून मला धडकीच भरली होती. पोरीचा जन्म झाडण्यात गेला असता."

पुढच्या रविवारी दिपमाला स्वतः आली, प्रेमराजशी तासभर बोलली आणि हो म्हणाली. कार्यालयाचा दुसरा नंबर आला. समितीनं आधी बट्टीला हात घालून मग पेंगत इमारत बघितली नसती तर पहिला आला असता, असं योगेंद्र अजून म्हणतो.